टॉमी कोण होता: प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट

परत एकदा वाचनालयाचं प्रदर्शन अंगावर घेतलंय. मागच्या वर्षी जुन्या भांड्यांचं केलं तेव्हा काहीच लिहून ठेवलं नव्हतं आणि शेवटच्या आठवड्यात कोणी काय कबूल केलं होतं यावरून जी जुंपली ती जुंपली, म्हणून यंदा पहिल्या दिवसापासून वही.

विषय छावणीतले शब्द. देवळाली कॅम्पात राहून दुसरं काय सुचणार, लहानपणापासून बॅरेक, लाईन, कँटीन, परेड हेच कानावर. सहा बोर्ड, तीन बाय चार फूट, फ्लेक्सवर. बजेट सात हजार, त्यातच चहा. टीम म्हणजे मी, डिझाईनला भाची (लॅपटॉप तिचा त्यामुळे शेवटचा शब्दही तिचा), सेक्रेटरी काका, आणि आर्टिलरीतून रिटायर झालेले सुभेदार साहेब.

सगळे शब्द घेतले तर कोंबाकोंबी होणार म्हणून ठरलं की एकच शब्द घ्यायचा आणि तो जाईल तिथे त्याच्या मागे जायचं. शब्द निवडला टॉमी. गोऱ्या शिपायाचं टोपणनाव. काका लगेच म्हणाले, "सोप्पं आहे रे, इंग्रज सोल्जरला टॉमी म्हणायचे, आपल्या लोकांनी राग काढायला कुत्र्यांना तेच नाव ठेवलं, संपला विषय, एक बोर्ड पुरे." मी म्हटलं बघतो.

५ ऑगस्ट

मूळ सापडायला वेळ नाही लागला, पचायला लागला. टॉमी म्हणजे टॉमी ॲटकिन्स, आणि टॉमी ॲटकिन्स म्हणजे कोणीच नाही.

झालं असं की १८१५ मध्ये लंडनच्या वॉर ऑफिसनं शिपायांसाठी हिशेबाची पुस्तिका काढली, पगार किती, कपडालत्ता किती, देणं किती हे सगळं लिहायला, आणि ती भरायची कशी हे कळावं म्हणून आत एक नमुना भरून छापला. नमुन्यात कोणाचं तरी नाव टाकायला हवं ना, तर टाकलं थॉमस ॲटकिन्स. घोडदळाच्या नमुन्यात हा ६ नंबरच्या ड्रॅगून रेजिमेंटचा साधा शिपाई आहे आणि सहीच्या जागी त्याची फुली आहे, नुसती फुली, कारण बऱ्याच शिपायांना लिहिता यायचंच नाही. आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतावर 'नि. डा. अंगठा' असतो तसंच.

मग १८३७ चा नमुना बघितला तर तोच ॲटकिन्स सार्जंट झालेला, आणि फुली जाऊन चक्क सही आलेली. कागदावरच्या माणसाला बावीस वर्षांत प्रमोशन. सुभेदार साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "मलापण एवढीच लागली, आणि मी तर खरा होतो."

भाचीनं एका वाक्यात मिटवलं: म्हणजे हा त्यांचा अमुक तमुक. हो, तेच. सोम्या गोम्या म्हटलं तरी चालेल. बोर्ड एक हाच. मधोमध तो फॉर्म मोठा करून आणि फुलीवर लाल गोल. ती फुली मला सोडत नाहीये, सकाळपासून तीन वेळा झूम करून बघितली.

८ ऑगस्ट

सुभेदार साहेब ऐकायला तयार नाहीत. त्यांनी कुठल्यातरी मेसमध्ये ऐकलेली गोष्ट अशी की टॉमी ॲटकिन्स खरा शिपाई होता, १७९४ मध्ये हॉलंडकडच्या बॉक्स्टेलच्या लढाईत चिखलात पडून मरत होता, आणि त्याचा कमांडर, म्हणजे पुढे जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला तो, जवळ आला तर म्हणाला, काही नाही साहेब, हे रोजचंच काम. आणि मेला. पुढे म्हाताऱ्या वेलिंग्टनला १८४३ मध्ये विचारलं की फॉर्मवर नाव काय घालू, तेव्हा त्याला हा आठवला.

गोष्ट भारी आहे, डोळ्यात पाणी येईल अशी आहे, पण १८४३ मध्ये सुचवलेलं नाव १८१५ च्या कागदावर कसं येईल? वेलिंग्टन बॉक्स्टेलला होता हे खरं, ३३व्या पायदळाचा तरुण लेफ्टनंट कर्नल म्हणून होता. पण फॉर्म आधीचा, म्हणजे गोष्ट मागाहून जोडलेली. मला वाटतं लोकांना रिकामं नाव सहन होत नाही, आत कोणीतरी माणूस बसवावाच लागतो, आणि बसवायचाच तर मरताना शहाण्यासारखं बोलणारा बसवतात.

हाच वेलिंग्टन, तेव्हाचा वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला. त्याच्या बाजूची दीड हजारावर माणसं त्या एका दुपारी मेली नाहीतर जखमी झाली. म्हातारपणी त्याला विचारायचे की तुझी सगळ्यात चांगली लढाई कुठली, तेव्हा तो वॉटर्लू म्हणायचा नाही, असई म्हणायचा. हे बोर्डावर घेण्याचा मोह प्रचंड होतोय, पण टॉमीशी संबंध फक्त त्या दंतकथेतून, म्हणून कोपऱ्यात दोन ओळी. सुभेदार साहेबांना सांगितलं तुमची गोष्ट ठेवतोय, फक्त 'दंतकथा' असं वर लिहून. गप्प बसले. राग आलाय बहुतेक.

१३ ऑगस्ट

दुसरा बोर्ड. नाव फॉर्मवरून लोकांच्या तोंडात आणि तिथून दुकानात कसं गेलं.

आधी बराच काळ हे नाव पलटणीतलंच. बाहेर जोरात आलं ते किपलिंगमुळे, आणि तो तर मुंबईचाच, १८६५ चा जन्म, जेजे आर्ट स्कूलच्या आवारातला. पुढे लाहोरला पेपरात नोकरी करताना मियाँ मीर छावणीतल्या शिपायांमध्ये ऊठबस, त्यांची भाषा कानात बसलेली. १८९० मध्ये त्यानं 'टॉमी' नावाची कविता छापली. शिपाई दारूच्या दुकानात जातो, मालक सांगतो लाल डगल्यांना इथे मिळत नाही, आणि मग तो शिपाई स्वतःच सुनावतो की शांतता असली की मी नकोसा आणि लढाई लागली की मी साहेब. १८९२ ला पुस्तक आलं तर अर्पण कोणाला? टी. ए. दोनच अक्षरं. लोकांना बरोबर कळलं. ज्याचा जन्मच फॉर्मवर झाला त्याला पुस्तक अर्पण!

पण खरा बाजार १८९९ ला. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध लागलं, किपलिंगनं अजून एक कविता लिहिली, शिपायांच्या मागे राहिलेल्या बायकापोरांसाठी पैसे जमवायला, ३१ ऑक्टोबरला डेली मेलमध्ये आली, सलिव्हन नावाच्या संगीतकारानं चाल लावली, आणि मग जे काय सुटलं... डोक्याला बँडेज बांधलेला खाकीतला शिपाई बंदूक धरून उभा, असं एक चित्र, ते कपावर, बशीवर, तंबाखूच्या बरणीवर, सिगारेटच्या पाकिटावर, रुमालावर. अडीच लाख पौंडांच्या वर रक्कम जमली. भाची म्हणाली, "मामा, हे म्हणजे मर्चंडाइज झालं." मर्चंडाइजच. दहा वर्षांपूर्वी ज्याला गुत्त्यातून हाकलत होते त्याच्या चित्राच्या कपातून आता घराघरात चहा.

आणि बघा, १८९० च्या कवितेत तो लाल डगला आहे आणि १८९९ च्या चित्रात खाकी. खाकी शब्द आपल्याकडचाच, खाक म्हणजे धूळ-राख, वायव्य सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीपासून तो रंग वर चढत गेला. टॉमीच्या अंगावरचा कपडाही आपल्याकडच्या नावाचा, हे बोर्डावर मोठ्या अक्षरात.

१७ ऑगस्ट

खाकीवरून सुरू झालं ते थांबेना. रविवार सगळा यातच गेला, जेवण दोनदा गरम करायला लागलं, बायको बोलायची बंद झालीय.

टॉमी इथे पाच-सात वर्षं काढायचा आणि परत जाताना तोंडात शब्द घेऊन जायचा. चिठ्ठीचं चिट. देखोचं डेको, म्हणजे जरा नजर टाक. खुशीवरून कुशी, म्हणजे आरामाची नोकरी. रोटीचं रूटी, आणि इतकी वर्षं निमूट रोटी खाल्ली म्हणून जे मेडल मिळायचं त्याचं नाव रूटी गाँग! लाँग सर्व्हिसचं मेडल बरं का ते. चहाचं चार, आणि तो बॅरेकीत आणून देणारा चारवाला. पायाला गुंडाळायची पट्टी तर तशीच्या तशी पटी.

पण माझा आवडता ब्लायटी. मूळ विलायती, उत्तरेकडच्या तोंडात बिलायती, आणि त्याचं गोऱ्यांच्या तोंडात ब्लायटी. आपल्याकडे विलायती म्हणजे बाहेरचं, परकं, महागडं. विलायती चिंच, विलायती दारू, विलायती खत. शिपायानं बाजारात हा शब्द ऐकला, त्याला कळलं की माझ्या गावाहून येतं ते बिलायती, आणि त्यानं त्याचा अर्थ करून टाकला घर. परकं या अर्थाचा आपला शब्द त्याच्यासाठी माहेर झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकातले शिपाई, ज्यांनी हिंदुस्थान जन्मात बघितला नव्हता ते पण, ब्लायटी मिळाली का असं विचारायचे, म्हणजे अशी जखम की मरणार नाही पण घरी नक्की पाठवतील. माणसं गोळी लागावी म्हणून वाट बघतायत आणि त्या गोळीला नाव विलायती.

(विलायती चिंच मुळात मध्य अमेरिकेतली. कोणाचं घर कुठे आणि नाव कुठलं.)

२० ऑगस्ट

आज देवळालीचा बोर्ड. हा घरचा, म्हणून हात आखडता घेणार नाही.

इंग्लंडात आजही कोणी वेड्यासारखं वागायला लागलं तर म्हणतात तो डुलाली झाला. डुलाली म्हणजे आपली देवळाली. सुरुवातीला पूर्ण शब्द होता 'डुलाली टॅप', आणि टॅप म्हणजे आपला ताप. म्हणजे अर्धा शब्द गावाचं नाव आणि अर्धा दुखण्याचं. गावातल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नाही आणि ज्यांना माहितीय त्यातल्या निम्म्यांना सांगायचं नसतं.

कारण साधं आहे. शिपायांना परत नेणारी जहाजं मुंबईहून थंडीच्या मोसमातच सुटायची. ज्याची नोकरी मोसम संपल्यावर पुरी झाली त्याला पुढच्या मोसमापर्यंत थांबायला लागायचं, आणि थांबायची जागा म्हणजे घाटावरची ही छावणी. नोकरी संपली म्हणून हत्यार जमा, ड्युटी नाही, ड्रिल नाही, घरचं जहाज कधी ते नक्की नाही, उन्हाळा डोक्यावर, खिशात हिशेबाचे पैसे आणि समोर दारू. काही महिने. वर मलेरिया. अशात डोकं फिरेल नाहीतर काय. जो इथून उशिरा घरी गेला आणि जरा विचित्र वागला त्याच्याबद्दल म्हणायला लागले, याला डुलालीचा ताप चढला. टॉमीनंच टॉमीला दिलेलं नाव आहे हे, आपल्याशी त्याचं तसं काही नाही, आपण फक्त पत्ता.

पुढे १९७४ ते १९८१ बीबीसीवर एक विनोदी मालिका चालली, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला देवळालीच्या तोफखाना डेपोत शिपायांसाठी नाचगाणी करणाऱ्या टोळीवर. त्यातला हिंदुस्थानी बेअरर एका गोऱ्या नटानं तोंडाला तपकिरी रंग फासून केला होता (तो नट जन्मला मात्र झाशीत), आणि त्या रंगामुळेच पुढे त्या मालिकेवर बरंच बोललं गेलं. भाचीनं दोन क्लिप बघितल्या आणि लॅपटॉप बंद केला. सुभेदार साहेब मात्र हसत होते, म्हणाले सार्जंट मेजर कुठल्याही देशाचा असो, ओरडतो असाच.

नोकरीभर याच गावात तोफखान्याच्या शाळेत शिकवलं त्यांनी. म्हटलं साहेब तुम्ही कधी डुलाली झालात का. म्हणाले, "रिटायर झाल्यावर. पहिले सहा महिने."

२४ ऑगस्ट

सुभेदार साहेबांच्या आईकडे गेलो. नव्वदीच्या आहेत, माहेर भगूरकडचं. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला, त्यांनी उचलून पदराखाली ठेवला, हरवेल म्हणून. पहिली दहा मिनिटं नुसती खसखस आलीय.

युद्धाच्या वेळी त्या आठ-नऊ वर्षांच्या. ट्रक भरभरून गोरे यायचे, म्हणाल्या, धुरळा इतका का समोरचं दिसायचं नाही, आणि पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडायची 'सोजीर, बिस्कूट! सोजीर, बिस्कूट!' कधी फेकायचे, कधी नाही. संध्याकाळी मात्र सोजीर दिसला का पोरी घरात आणि दाराला अडसर.

मी विचारलं आजी, टॉमी म्हणायचे का त्यांना? म्हणाल्या, "टॉमी? तुमच्या शेजारचा तो लंगडा कुत्रा ना?"

म्हणजे रस्त्यावरचा शब्द टॉमी नव्हताच, सोजीर होता. सोल्जरचा सोजीर. टॉमी हे गोऱ्यांनी गोऱ्यांना लाडानं म्हणायचं नाव, फार तर मेसमधल्या बटलर-खानसाम्यांच्या कानावरचं. आजींच्या तोंडून हे ऐकल्यावर काकांच्या कुत्रा थिअरीला पहिला तडा गेला. काकांना अजून सांगितलं नाही, गणपती तोंडावर आलेत, वर्गणीचं काम त्यांच्याकडे आहे.

२८ ऑगस्ट

खोटे नातेवाईक काढून टाकायचं काम.

एक, टॉमी गन. पिक्चरमधले शिकागोचे गुंड ज्यानं धडाधड गोळ्या घालतात ती. ती थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन जनरलच्या नावावरून. कट.

दोन, टॉमी. कुठली टॉमी तर पेपरात रोज असते ती, 'लोखंडी टॉमीनं शटर उचकटून'. भाची हटून बसली की हिचं काय. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, म्हटलं टॉमी दाखवा. पोऱ्यानं काही न विचारता काउंटरवर खणकन टाकली, दीड हात लांब, एक टोक चपटं, ग्रीसचा काळा डाग माझ्या नव्या शर्टाला. "जॅकची पाहिजे का चाकाची?" इंग्रजी वर्कशॉपमध्ये पाना फिरवायला भोकात घालायच्या दांडक्याला टॉमी बार म्हणतात, तिथून ती गॅरेजमध्ये आली आणि गॅरेजमधून चोरांच्या हातात. शिपाई टॉमीशी नातं लावता येत नाही, म्हणून बोर्डावर नाही. पण दोनशे वीस रुपयांना विकत घेतली, फ्लेक्सची दोरी ताणायला होईल. बजेटमध्ये 'इतर'.

३१ ऑगस्ट

हा बोर्ड जमत नव्हता, आज जमला, आणि जमल्यावर जरा वेळ शांत बसून राहिलो.

पहिल्या महायुद्धानं टॉमी हे नाव कायमचं केलं. समोरच्या खंदकातून जर्मनपण 'टॉमी' अशीच हाक मारायचे, म्हणजे शत्रूनंही तेच नाव उचललं. खंदकात लढलेला शेवटचा टॉमी म्हणून ज्याला ओळखायचे तो हॅरी पॅच, धंद्यानं प्लंबर, पासचेंडेलच्या लढाईत होता, तो २५ जुलै २००९ ला १११ व्या वर्षी गेला. आणि २०१४ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम परगण्यात सीहॅम नावाच्या समुद्राकाठच्या गावी एक पुतळा बसवला, गंजक्या पोलादाचा, साडेनऊ फुटाच्या आसपास, बसलेला शिपाई, मान खाली, हातात बंदूक. नाव ११०१, म्हणजे युद्ध थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट, अकरा वाजून एक. लोक मात्र त्याला नुसतं टॉमी म्हणतात. ठेवणार होते थोड्या दिवसांसाठी, गावकऱ्यांनी पैसे गोळा करून ठेवूनच घेतला. फोटो बघितला तर वाईट वाटतंच, खोटं कशाला बोलू.

आता दुसरी बाजू. १८९७, पुणे, प्लेग. रँडसाहेबाच्या कमिटीनं घरं तपासायला लष्कर लावलं, गोरे आणि देशी मिळून ८९३ अधिकारी आणि शिपाई. बूट घालून स्वयंपाकघरात, देवघरात, सामान रस्त्यावर, बायकांची तपासणी चारचौघात. केसरीत त्यावर काय लिहून आलं ते सगळ्यांना माहितीय. २२ जूनच्या रात्री, राणीच्या ज्युबिलीची मेजवानी आटोपून परतताना गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत जे शिकवलं नव्हतं ते हे की त्या ८९३ जणांवरचा अधिकारी मेजर पॅजेट, आणि त्याची रेजिमेंट डरहॅम लाइट इन्फंट्री.

डरहॅम. तोच परगणा, पुतळ्याचा.

आता मी असं म्हणत नाहीये की सीहॅमचा पुतळा आणि पुण्यातला सोजीर एकच माणूस, मध्ये वीस वर्षं आहेत, खंदकात मेलेली पोरं १८९७ मध्ये बहुतेक रांगत होती. पण नाव एकच आहे. पुण्यात घरं उलटीपालटी होत होती तेव्हा लंडनमध्ये म्युझिक हॉलात टॉमीच्या नावानं गाणी म्हणत होते, आणि दोनच वर्षांनी तो कपबशीवर आला. सेक्रेटरी काका म्हणाले पुतळा काढून टाक, कशाला त्यांचं कौतुक. सुभेदार साहेब म्हणाले प्लेग काढून टाक, शिपायाला हुकूम असतो, प्रदर्शन शब्दाचं आहे. दोघांचं ऐकलं असतं तर बोर्ड कोरा राहिला असता. दोन्ही ठेवतोय, डावीकडे पुतळा, उजवीकडे पुणे, मध्ये एक उभी रेघ आणि काही टिप्पणी नाही. भाचीनं रेघेचा रंग विचारला, म्हटलं काळा.

५ सप्टेंबर

नगरला मावशीकडे गणपतीला. आता नाव अहिल्यानगर झालंय पण एसटी कंडक्टर अजून नगरच ओरडतो. येताना अरणगावला मेहेराबादला उतरलो, कामासाठीच, देवदर्शनाचा हिशेब प्रकल्पात नको.

कारण असं. १९६९ च्या मे महिन्यात द हू या इंग्लिश बँडनं एक अख्खी कथा गाण्यांतून सांगणारा अल्बम काढला, नाव 'टॉमी'. पीट टाउनशेंडनं हे नाव घेतलं कारण एक तर ते इंग्लंडात घरोघरचं नाव आणि दुसरं म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या शिपायाचं टोपणनाव. गोष्टीतला बाप युद्धात बेपत्ता झालेला कॅप्टन, पोरगा काही ऐकत-बोलत-बघत नाही असा. म्हणजे आता हे नाव शिपायाच्या पोराला लागलं. आणि अल्बमच्या कव्हरवर श्रेयनामावलीत अवतार म्हणून नाव आहे मेहेरबाबांचं, पुण्यात जन्मलेले मेहेरबाबा, टाउनशेंड त्यांचा भक्त. बाबा त्याच वर्षी ३१ जानेवारीला गेले होते.

आणि मेहेराबाद म्हणजे मुळात काय होतं? पहिल्या महायुद्धातली इंग्रजांची लष्करी छावणी. सोडून दिलेल्या रिकाम्या इमारती, तिथे १९२३ मध्ये बाबा आले. टॉमी गेले, बाबा आले, बाबांचा भक्त लंडनला बसून टॉमी लिहितो. याच्यात कार्यकारण काही नाही, नुसता योगायोग आहे आणि तो योगायोग म्हणूनच लिहिणार, पण खरं सांगतो, टेकडीवरून खाली त्या जुन्या इमारतींकडे बघताना अंगावर काटा आला. नंतर पाऊस आला. काटा त्याचाही असेल.

बोर्ड पाच. गाणी वाजवायची नाहीत असं ठरलं, हॉलच्या खाली अभ्यासिका आहे.

९ सप्टेंबर

कुत्रा. आज शेवटी बोलणं झालं.

काकांना सहाव्या बोर्डावर मोठ्या अक्षरात हवं होतं: 'म्हणून आपण कुत्र्याला टॉमी म्हणतो.' म्हटलं काका, तुम्ही हे कुठे वाचलंत? म्हणाले वाचायला कशाला पाहिजे, सगळे म्हणतात. हेच तर अवघड आहे. बॉक्स्टेलचा मरणारा शिपाई पण सगळेच म्हणतात. टॉमी हे थॉमसचं लाडकं रूप, साहेबांच्या घरात माणसांनाच काय मांजरांनाही असायचं, आणि आपल्याकडे टॉमीबरोबर टायगर, जॅकी, रॉकी पण आहेत, त्या सगळ्यांवर कोणाचा राग काढला? शिवाय सूड म्हणून नाव ठेवायचं तर ते नाव आधी लोकांच्या तोंडी हवं, आणि आजी सांगतात रस्त्यावर होता सोजीर. आजतागायत सोजीर नावाचा कुत्रा मी बघितलेला नाही.

काका चिडले. "तू आमच्या देशभक्तीवर शंका घेतोस." म्हटलं नाही हो, तुमच्या कुत्र्यावर घेतोय. त्यावर सुभेदार साहेब हसले आणि ते हसले म्हणून काका अजून चिडले आणि चहा न घेता गेले. असा माणूस नाही तो, पण गणपतीचे अकरा दिवस जागरण झालेलं.

सहाव्या बोर्डावर आता फॉर्म. १८१५ च्या धर्तीवर मराठीत करून कोरा छापायचा, नाव, गाव, पलटण, उंची, सही किंवा निशाणी, आणि खाली टेबलावर झेरॉक्स कॉपी ठेवायच्या, लोकांनी भरायच्या. वर भरलेला नमुना एक पाहिजे, त्यात नाव काय टाकायचं यावर अर्धा तास गेला. अमुक तमुक नको, सोम्या गोम्या नको, भाचीचा बॉयफ्रेंड नको. शेवटी थॉमस ॲटकिन्सच टाकलं. त्याला सवय आहे.

११ सप्टेंबर

फ्लेक्स आले. चार बरोबर, दोन बरबाद. दुकानदारानं फाईल उघडताना फॉन्ट बदलला आणि ॲटकिन्समधल्या ॲ च्या जागी चौकोन आला, सगळीकडे, एकूण सतरा चौकोन. 'टॉमी ▯टकिन्स'. वर त्याचं म्हणणं की प्रूफ तुम्ही बघितलं होतं. बघितलं होतं, पण त्याच्या नाही तर भाचीच्या मोबाईलवर, आणि तिथे ते बरोबर दिसत होतं. बाराशे रुपये परत देणार नाही म्हणाला, सहाशेवर तुटलं. बजेट गेलं.

भाची म्हणाली चौकोन तसाच राहू दे, नाहीतरी रिकाम्या जागेत बसवलेलंच नाव आहे ते. डोकं आहे पोरीला. पण काका बघतील आणि म्हणतील बघा, म्हणून सतरा ॲ प्रिंट काढून कात्रीनं कापून डिंकानं चिकटवले. दोन वाकडे बसलेत.

१४ सप्टेंबर

झालं प्रदर्शन. दुपारपर्यंत शुकशुकाट, चारनंतर हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. लोखंडी टॉमीनं दोरी खरंच छान ताणली. काका आले, सगळ्यात आधी कुत्रा शोधला, नाही दिसला, मग डुलालीच्या बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले आणि येईल त्याला स्वतःच समजावून सांगायला लागले, ताप म्हणजे टॅप, टॅप म्हणजे ताप, मला बोलायलाच लागलं नाही. काळ्या रेघेच्या बोर्डापुढे लोक कमी बोलत होते. एका मॅडमनी विचारलं यातला खरा टॉमी कुठला, डावीकडचा का उजवीकडचा, मी पहिल्या बोर्डाकडे बोट दाखवलं, फुलीकडे.

फॉर्म चाळीस ठेवले होते, छत्तीस गेले. पोरांनी पलटणीच्या जागी शाळेची तुकडी लिहिलीय. तिघांनी कुत्र्याचं नाव लिहिलंय, त्यातले दोन टॉमी. काकांना दाखवणार नाही.

सुभेदार साहेब आईंना व्हीलचेअरवरून घेऊन आले. आजींनी पहिल्या बोर्डावरची फुली बोटानं चाचपली, विचारलं हे काय, म्हटलं आजी त्याला लिहिता येत नव्हतं म्हणून अशी सही. "मंग आंगठा का नाही दिला त्यानं?" म्हणाल्या. टेबलावर शाईचं पॅड होतंच, वाचनालयाच्या शिक्क्याचं. एक फॉर्म पुढे ठेवला, साहेबांनी नाव-गाव भरलं, आजींनी डावा अंगठा नीट दाबून उठवला, पदराला पुसला, आणि मला विचारलं पैसे कोणत्या तारखेला जमा होतात.